शिट्टी आणि लाल दिवा: गाडीतल्या ॲम्पचं दर पावसाळ्यानंतर उलटणारं दुखणं

गाडी सुरू केली की स्पीकरमधून बारीक शिट्टी. ॲक्सिलरेटर दाबला की चढते, पाय काढला की उतरते. गाण्याचा आवाज शून्यावर आणला तरी ती आपली वाजतेच. दुसरं म्हणजे, रात्री हेडलाइट, एसी, वायपर सगळं चालू असताना गाण्यात ढोल आला की डिकीतल्या ॲम्पचा, म्हणजे आवाज वाढवणाऱ्या ॲम्प्लिफायरच्या पेटीचा, हिरवा दिवा लाल होतो. दोन-तीन सेकंद सगळं चिडीचूप, मग आपोआप परत सुरू. पुढच्या ढोलाला पुन्हा तेच. दिवसा एसी बंद ठेवून दुकानाच्या दारात गाडी उभी केली की यातलं काहीच होत नाही. डॉक्टरकडे नेलं की पोरगं हसायला लागतं, तसं.

आम्ही चिपळूणचे. कुंभार्ली घाटातून कराडला महिन्याला दोन-तीन फेऱ्या होतात आणि पावसाळ्याचे चार महिने गाडीतली ओल काही जात नाही. हे मुद्दाम सांगतोय, कारण दुखण्याचा आणि त्या ओलीचा थेट संबंध निघाला. पण तो कळायला मला दोन वर्षं आणि बरेच पैसे लागले.

गाडी साधी हॅचबॅक, बॅटरी ३५ अँपिअर-अवरची. कंपनीचा स्टिरिओ काढून डॅशबोर्डमध्ये दुसरं हेडयुनिट, म्हणजे स्टिरिओच, बसवलेलं. डिकीत चार चॅनेलचा ॲम्प. दोन चॅनेल पुढच्या दारांतल्या स्पीकरना, उरलेले दोन ब्रिज करून, म्हणजे एकत्र जोडून, दहा इंची वूफरला, म्हणजे खालच्या सुरांच्या मोठ्या स्पीकरला. काम एका ॲक्सेसरीजच्या दुकानात करून घेतलं होतं. पहिलं वर्ष सुरेख गेलं. पहिला पावसाळा सरला आणि दिवाळीच्या सुमारास शिट्टी सुरू झाली.

दुकानदाराने पहिला उपाय केला तो आरसीए केबलच्या, म्हणजे हेडयुनिटकडून ॲम्पकडे गाणं नेणाऱ्या वायरीच्या, मध्ये एक छोटी डबी बसवण्याचा. ग्राउंड लूप आयसोलेटर म्हणतात तिला. शिट्टी गेली. पण आठवड्याभराने जाणवलं की वूफरचा जीवच गेलाय. त्या डबीत दोन चिमुकले ट्रान्सफॉर्मर असतात आणि स्वस्त डबीतले ट्रान्सफॉर्मर खालचे सूर नीट पुढे पाठवत नाहीत. म्हणजे ताप जायला औषध घेतलं आणि भूकही गेली. मी डबी काढून टाकली.

दुसरा उपाय एक फॅरडचा कपॅसिटर, निळे आकडे चमकणारा. दिसायला झकास. लाल दिवा मात्र तसाच. घरी येऊन वहीत आकडेमोड केली तेव्हा हसू आलं. एक फॅरडचा कपॅसिटर एक व्होल्ट खाली येईपर्यंत एक कूलंब विद्युतभार देतो. ॲम्प ३० अँपिअर ओढत असेल तर हा साठा सेकंदाच्या तिसाव्या भागात संपला. ढोलाच्या एका थापेला कदाचित पुरेल, पुढच्या थापेसाठी तो भरायचा कुठून? त्याच अपुऱ्या वायरीतून. तांब्या मोठा घेतला म्हणून नळाची धार वाढत नाही.

तिसऱ्यांदा ‘ॲम्पच गेलाय, नवा घ्या’ असं ऐकल्यावर मी गाडी घरी आणली आणि मल्टिमीटर काढला.

इथे पहिली चूक मी स्वतः केली, आणि माझ्या अंदाजाने ती निम्मे लोक करतात. मीटर कंटिन्युइटीवर ठेवला, एक टोक ॲम्पच्या ग्राउंडला (बॉडीला जोडलेली काळी मायनस वायर), दुसरं बॉडीला. पी असा बीप आला. म्हटलं ग्राउंड उत्तम आहे. पण बहुतेक मीटर दहा-वीस ओहमलासुद्धा बीप देतात, आणि ओहमच्या स्केलवर गेलं तर मीटरच्या स्वतःच्या वायरींचाच पाव-अर्धा ओहम असतो. आपल्याला पकडायचा असतो तो एका ओहमचा पंचविसावा-तिसावा भाग. एका वायरीतल्या शंभर तारांपैकी एकच तार शाबूत राहिली तरी मीटर आनंदाने बीप देईल. बीप फक्त एवढंच सांगतो की रस्ता आहे. त्यावरून ट्रक जाईल की सायकल, हे त्याला ठाऊक नसतं.

म्हणून मोजायचं ते लोड चालू असताना आणि व्होल्टमध्ये. त्यासाठी मी पाच-सहा मीटर साधी बारीक वायर घेतली आणि बॅटरीपासून डिकीपर्यंत गाडीच्या आतून लोंबती टाकली. मीटरमधून करंट जवळजवळ जातच नाही, त्यामुळे या कामाला दोऱ्याएवढी वायरही चालते. पेनड्राइव्हवर ५० हर्ट्झचा सलग सूर घेतला. इंजिन आयडलवर, एसी आणि हेडलाइट चालू. दुखणं जेव्हा येतं तीच परिस्थिती तयार करायची. सूर लावला आणि मित्राकडून आणलेल्या डीसी क्लॅम्प मीटरवर (वायरीभोवती चिमटा लावून करंट मोजतो तो) २५ अँपिअर दिसेपर्यंत आवाज वाढवला. हा सूर एका वेळी दहा-पंधरा सेकंदांच्या वर वाजवू नका, वूफरची कॉइल तापते. क्लॅम्प मीटर मिळाला नाही तरी अडत नाही. आवाजाची एकच पातळी ठरवून सगळी मापं त्याच पातळीला घ्या.

मापं अशी आली. बॅटरीच्या दोन टोकांत १२.९ व्होल्ट. ॲम्पच्या दोन टोकांत ११.५. म्हणजे १.४ व्होल्ट वाटेत कुठेतरी सांडत होते. मग बॅटरीचा प्लस आणि ॲम्पचा प्लस यांच्यात मीटर लावला: ०.५. बॅटरीचा मायनस आणि ॲम्पचा ग्राउंड यांच्यात: ०.९. बेरीज १.४, हिशोब जुळला. हा ताळा जरूर घ्या. जुळला नाही तर कुठलंतरी माप चुकलंय.

जाडजूड लाल वायर, तिच्यावरचा सोनेरी फ्यूज होल्डर, या सगळ्याकडे आम्ही दोन वर्षं बघत होतो. आणि जास्त गळती होत होती ती अर्ध्या मीटरच्या काळ्या वायरीत. साधारण नियम म्हणून ग्राउंडच्या बाजूला ०.१ ते ०.२ व्होल्टच्या आत पडलं तर ठीक. ०.५ दिसलं की पुढचं काही न बघता तिथेच बसायचं.

मी त्या ०.९ चे तुकडे पाडले. ॲम्पच्या टर्मिनलपासून काळ्या वायरीच्या थिंबलपर्यंत, म्हणजे बोल्टखाली बसणाऱ्या टोकाच्या कड्यापर्यंत, ०.०६. थिंबलपासून त्याच्या शेजारीच खरवडून उघड्या केलेल्या पत्र्यापर्यंत ०.७५. त्या पत्र्यापासून बॅटरीच्या मायनसपर्यंत, म्हणजे अख्ख्या गाडीच्या बॉडीतून, फक्त ०.०९. तीन-चार मीटरचा पत्रा निर्दोष आणि एका बोल्टखालचा रुपयाएवढा ठिपका सगळं खातोय. ०.७५ व्होल्ट गुणिले २५ अँपिअर म्हणजे जवळपास १९ वॅट. रेडिओ दुरुस्तीवाल्याकडचा छोटा सोल्डरिंग आयर्न २५ वॅटचा असतो. बोल्टला हात लावला आणि चटकन मागे घेतला. इतके दिवस बोल्ट चटके द्यायला तयार होता, हात लावायलाच कोणी गेलं नव्हतं.

बोल्ट खोलला. थिंबल रंगावरच बसवलेलं. धातूला धातू लागत होता तो बोल्टच्या आट्यांमधून, तेवढाच. नवं होतं तोवर त्यावर भागलं. डिकीत ओल आली, आट्यांवर गंज चढला, आणि रेझिस्टन्स वाढत गेला. आता मागची दोन वर्षं डोळ्यांसमोरून गेली. दर वेळी दुकानात काहीतरी करताना तो बोल्ट एकदा खोलून पुन्हा आवळला जायचा, त्यात गंज थोडा घासला जायचा, थोडे दिवस शिट्टी कमी वाटायची आणि श्रेय जायचं नव्या डबीला.

दुरुस्ती तासाभराची. आधी दहा नंबरच्या पान्याने बॅटरीचा मायनस काढायचा, नेहमी मायनसच आधी. नाहीतर प्लस काढताना पाना बॉडीला टेकला की वेल्डिंगचा खेळ होतो. मग ग्राउंडची जागा. सीटबेल्टचा बोल्ट हाताशी असतो म्हणून लोक तोच धरतात. तो धरू नका. तो जीव वाचवायला ठरावीक ताकदीने आवळलेला असतो आणि बऱ्याचदा त्याच्या आट्यांना लॉकिंग द्रव लावलेला असतो, त्यामुळे ग्राउंडही धड मिळत नाही. मी डिकीच्या जाड पत्र्यावर वेगळी जागा निवडली, पत्र्यापलीकडे पेट्रोलची टाकी किंवा ब्रेकची नळी नाही हे खाली वाकून बघूनच भोक पाडलं. पॉलिश पेपरने रंग आणि प्रायमर काढून पत्रा आरशासारखा चकचकीत केला. तांब्याचं थिंबल, दातेरी वॉशर, बोल्ट, खालून नट. आवळून झाल्यावर वरून प्रायमर आणि रंग. क्रम उलटा करू नका. रंग सांध्यावर पाहिजे, सांध्यात नको. कोकणात वरून थोडी पेट्रोलियम जेली फासायलाही हरकत नाही.

लाल वायरीचा ०.५ राहिला होता. ती खरवडून पाहिली तर वरून तांबूस, आतून पांढरी. ॲल्युमिनियमवर तांब्याचा मुलामा. ॲल्युमिनियमची वाहकता तांब्याच्या साधारण ६१ टक्के, त्यात कव्हर जाड आणि आत तारा कमी, त्यामुळे ‘८ गेज’ हा शिक्का नुसता शोभेचा. बाजारातल्या तयार किटमध्ये हे सर्रास असतं. मी हार्डवेअरच्या दुकानातून १६ चौरस मिलिमीटरची वेल्डिंग केबल आणली. तारा बारीक, लवचिक, आणि तांब्याची घेतली तर किटच्या वायरीपेक्षा कुठेही सरस. तिच्यातही ॲल्युमिनियमची मिळते, तेव्हा पैसे देण्याआधी ब्लेडने एक तार कापून बघा, दुकानदाराला राग आला तरी चालेल. इंजिनच्या भागात तिच्यावर नालीदार पाइप चढवला आणि पत्र्यातून आत घेताना रबरी ग्रॉमेट बसवलं.

फ्यूजबद्दल एक गोष्ट सांगायलाच हवी. माझ्या गाडीत मुख्य फ्यूज डिकीत, ॲम्पच्या शेजारी होता. म्हणजे बॅटरीपासून पाच मीटर वायर उघडीच. ती कुठे घासून बॉडीला लागली असती तर बॅटरीने शेकडो अँपिअर ओतले असते आणि फ्यूज डिकीत आरामात बसून राहिला असता. फ्यूज असतो वायरीसाठी, ॲम्पसाठी नाही. ॲम्पचे स्वतःचे फ्यूज ॲम्पवरच असतात. मुख्य फ्यूज बॅटरीपासून दीड फुटाच्या आत. माझ्या ॲम्पवर २०-२० चे दोन आहेत, म्हणून बॅटरीजवळ ४० चा टाकला. आणि सिगारेटच्या पाकिटातली चांदी गुंडाळून फ्यूज ‘चालू’ करणाऱ्यांना गाडीला हात लावू देऊ नका.

पुन्हा मापं घेतली. ग्राउंडकडे ०.१२, प्लसकडे ०.२. लाल दिवा गेला तो गेलाच. ॲम्प साधारण १० व्होल्टच्या आसपास स्वतःला बंद करून घेतात. आधी आयडलवर त्याला ११.५ मिळत होते आणि जोराच्या थापेला करंट अजून वाढला की तो काठावर जायचा. दिवसा एसी-हेडलाइट बंद असताना बॅटरीवरच १४ च्या आसपास व्होल्टेज असतं, म्हणून दुकानाच्या दारात काही होत नव्हतं.

शिट्टी मात्र पूर्ण गेली नाही. रुपयातले बारा आणे गेली म्हणा.

ही शिट्टी येते अल्टरनेटरमधून. त्यात थ्री-फेज एसी तयार होतो आणि डायोड त्याचा डीसी करतात, पण तो तंतोतंत सपाट नसतो, त्यावर बारीक लाटा राहतात. बारा पोलच्या अल्टरनेटरला एका फेऱ्यात अशा ३६ लाटा. इंजिन ८०० आरपीएमवर आणि पुलीचं प्रमाण अडीच धरलं तर अल्टरनेटर मिनिटाला २००० फेरे, सेकंदाला ३३, म्हणजे सुमारे १२०० हर्ट्झ. इंजिन ३००० वर नेलं की ४५०० हर्ट्झ. म्हणूनच ती घुंघुं नसते, शिट्टी असते, आणि ॲक्सिलरेटरबरोबर चढते. आता हेडयुनिटचा ग्राउंड पुढे डॅशबोर्डमध्ये, ॲम्पचा मागे डिकीत. दोन्ही ठिकाणच्या ‘शून्या’त फरक पडला की तो फरक मिटवायला करंट आरसीए केबलच्या बाहेरच्या जाळीतून धावतो, आणि ॲम्पला वाटतं हेही गाणंच आहे. तो ते वाढवून वाजवतो. यात ॲम्पचा काही दोष नाही, त्याला सांगितलेलं काम तो इमानाने करतो.

तुमचा आवाज इंजिनबरोबर चढत नसेल तर ही सगळी चर्चा तुमच्या कामाची नाही. एकसुरी गुणगुण असेल तर ब्लोअर किंवा पेट्रोल पंप बघा. फोन चार्जरला लावून ऑक्सच्या वायरीने गाणी लावता आणि तेव्हाच कुरकुर येते? चार्जर काढून बघा. गेली तर लूप तिथेच आहे, ब्लूटूथ वापरा आणि सुखी राहा.

उरलेली शिट्टी शोधायला मी ॲम्प बंद करून आरसीए उपटल्या आणि ॲम्पच्या इनपुटला शॉर्ट केलेल्या पिना लावल्या. जुन्या आरसीए पिनेत मधला काटा आणि बाहेरचं कडं वायरीच्या तुकड्याने जोडलं की झालं. पिना फक्त इनपुटला, स्पीकर आउटपुटला चुकूनही नाही. ॲम्प सुरू केला, इंजिन चालू, शांतता. म्हणजे ॲम्प आणि त्याची पॉवर निर्दोष सुटली, घाण पुढून येतेय. मग त्याच आरसीए केबलला पुढच्या टोकाला फोन जोडला, चार्जरशिवाय. तरी शांत. म्हणजे केबलही निर्दोष. राहिलं हेडयुनिट.

ते बाहेर ओढलं. काळी वायर कंपनीच्या कपलरमधल्या काळ्या वायरीला नुसती पिळून वर टेप गुंडाळलेला, आणि टेपचा डिंक उन्हाळ्यात वितळून सगळं चिकट झालेलं. सोल्डर केलं, वर हीट श्रिंक चढवली. शिट्टी गेली. दोष पुन्हा काळ्याच वायरीत.

एक आडवळणाची शक्यता लक्षात असू द्या. काही हेडयुनिटमध्ये आरसीएच्या बाहेरच्या कड्याचा ग्राउंड एका अतिशय नाजूक फ्यूजमधून जातो. सिस्टीम चालू असताना आरसीए काढ-घाल केली किंवा ॲम्पचा ग्राउंड निसटला की तो उडतो, आणि मग शिट्टी कशानेही जात नाही. तपासायला सोपं: आरसीएच्या बाहेरच्या कड्यापासून हेडयुनिटच्या लोखंडी पेटीला वायरीचा तुकडा टेकवा. शिट्टी गायब झाली तर तो फ्यूज गेलाय. म्हणूनच वर ‘ॲम्प बंद करून’ असं लिहिलंय.

गोष्ट इथे संपली असती तर तुम्हाला इतकं लांबण लावलं नसतं. पुढचा पावसाळा झाला आणि नोव्हेंबरात घाट चढताना कानात ओळखीची शिट्टी आली. मी डिकी उघडून बोल्ट बघितला, चकाचक. थिंबल ते पत्रा, ०.०१. मग पत्रा ते बॅटरी मायनस मोजलं. गेल्या वर्षी ०.०९ होतं, आता ०.४.

ॲम्पचा करंट बॉडीत शिरला म्हणजे घरी पोचला असं आपण धरून चालतो. त्याला बॉडीतून बॅटरीच्या मायनसमध्ये परत जायचं असतं, आणि तो पूल म्हणजे बॅटरीपासून बॉडीला जाणारी कंपनीची पट्टी. बॅटरीच्या ट्रेशेजारी तिचा बोल्ट असतो आणि त्यावर हिरवट-पांढरी बुरशी चढली होती. गरम पाणी, खाण्याचा सोडा, जुना टूथब्रश, मग पॉलिश पेपर. इंजिनपासून बॉडीला आणि बॅटरीला जाणारी जोडणीही त्याच बैठकीत साफ केली, कारण अल्टरनेटर इंजिनवर बसलेला असतो आणि त्याचा परतीचा रस्ता तोच. ०.४ चं ०.०८ झालं. हेडलाइटही किंचित उजळ वाटले, पण ते कदाचित मनाचे खेळ.

लाल दिवा असून तुमची व्होल्टची मापं मात्र चांगली येत असतील तर मग स्पीकरकडे वळा. ॲम्प बंद करून सगळे स्पीकर आणि आरसीए काढा, फक्त प्लस, ग्राउंड आणि रिमोट (हेडयुनिटकडून ॲम्प चालू-बंद करणारी वायर) ठेवून चालू करा. तरीही लाल असेल तर ॲम्प आतून गेलाय, कारागिराकडे न्या. हिरवा झाला तर ॲम्प पुन्हा बंद करून एकेक स्पीकर जोडत जा. जोडताना मोजा: ४ ओहमचा स्पीकर मीटरवर ३.२ ते ३.७ दाखवतो, त्यात घाबरण्यासारखं काही नाही. आणि स्पीकरची प्रत्येक वायर ते बॉडी, काहीही दिसता कामा नये. दारांच्या बिजागरीजवळचा रबरी पाइप आणि सीटची रूळपट्टी, वायर सोलून निघायच्या या दोन हमखास जागा. दार उघडं असताना वाजतं आणि बंद केलं की थांबतं, किंवा उलट, तर दुसरं काही शोधूच नका, वायर त्या रबरी पाइपात तुटलीय. पावसाळ्यात उभ्या गाडीत उंदीर हेही एक कारण. हसू नका.

ॲम्पवरचा गेनचा स्क्रू हा आवाजाचा खटका नव्हे. तो पुरता पिळून ठेवला की आवाज फाटतो आणि ॲम्प लवकर तापतो. हेडयुनिट पाऊण आवाजावर ठेवा, स्पीकर सोडवा, सूर लावा आणि ॲम्पच्या आउटपुटला एसी व्होल्ट मोजा. वॅट गुणिले ओहम, त्याचं वर्गमूळ. ५० वॅट, ४ ओहमला १४.१ व्होल्ट. माझ्या वूफरला १५० वॅट म्हणून २४.५. तिथे आलं की स्क्रूड्रायव्हर खाली.

ओळखीच्यांच्या गाड्यांत हमखास निघणाऱ्या आणखी काही गोष्टी. शेजारच्या काकांची बॅटरी दोन दिवस गाडी उभी राहिली की बसायची. ॲम्पची निळी-पांढरी रिमोट वायर हेडयुनिटच्या त्याच रंगाच्या वायरीला न जोडता सरळ पिवळ्या, म्हणजे कायम चालू असलेल्या वायरीला जोडलेली. ॲम्प झोपतच नव्हता. गाणं नसतानाही तो अँपिअरभर खाऊ शकतो, ३५ च्या बॅटरीला ते किती दिवस पुरणार. भाच्याच्या गाडीत चावी काढली की घड्याळ आणि स्टेशनं पुसली जायची: हेडयुनिटची पिवळी आणि लाल (चावीबरोबर चालू होणारी) अदलाबदल. काही युरोपियन गाड्यांच्या कपलरमध्ये या दोघींच्या जागा उलट असतात, तेव्हा रंगावर विसंबू नका, चावी काढून मीटरने बघा. चावी काढल्यावरही १२ दाखवते ती पिवळीची जोडीदार. आणि ‘नवे स्पीकर टाकले पण बास नाही’ ही तक्रार असेल तर एका दारातला स्पीकर उलटा जोडलाय का बघा. ॲम्पकडून वायर सोडवून दीड व्होल्टचा पेन्सिल सेल क्षणभर टेकवा. सेलचा प्लस वायरीच्या प्लसला लागल्यावर कोन बाहेर यायला हवा. एक बाहेर आणि एक आत जात असेल तर दोघं एकमेकांचं गाणं खोडतायत.

ज्यांच्याकडे ॲम्प नाही, नुसतं हेडयुनिट आहे, त्यांनी स्पीकरची मायनस वायर बॉडीला कधीच टेकवायची नाही. हेडयुनिटच्या आउटपुटमधल्या दोन्ही वायरींवर बॉडीच्या तुलनेत सहा-सात व्होल्ट असतात, मायनसवरसुद्धा. टेकवली की आतली आयसी गेली. आणि खोक्यावरच्या ‘५० वॅट × ४’ वर फार जीव टाकू नका. १४.४ व्होल्टमधून ४ ओहमला ब्रिज करून कागदावर निघतात ते जेमतेम २६ वॅट, प्रत्यक्षात त्याहून कमी.

दाराचं पॅनेल काढलंच तर आतला पारदर्शक प्लॅस्टिकचा पडदा फाडू नका, आणि फाटला असेल तर चिकटवून द्या. काचेवरून आत उतरणारं पावसाचं पाणी तोच अडवतो. दुकानात घाईत तो टरकावून फेकतात आणि मग चटई का ओली, हे कोणाला कळत नाही. डॅशबोर्डमागे पिवळ्या आवरणातली वायर दिसली तर ती एअरबॅगची, तिला मीटरही लावायचा नाही.

डिकीच्या झाकणाला आतून मी एक कागद चिकटवलाय. तारीख, प्लसकडचा आकडा, थिंबल ते पत्रा, पत्रा ते बॅटरी मायनस. दसऱ्याला गाडीला हार घालायच्या आधी सूर लावून एकदा मोजतो, दहा मिनिटांचं काम. या वर्षीचे आकडे ०.२१, ०.०१, ०.०९. ती आयसोलेटरची डबी ग्लोव्ह बॉक्समध्ये पडून आहे, कपॅसिटर भाचा घेऊन गेला, त्याला निळे आकडे आवडले. आता जोराच्या ढोलाला मागची नंबरप्लेट तेवढी थरथरते. तिच्यामागे फोमची पट्टी लावायची राहिलीय.